शरीराचा मेगाब्लॉक: सर्टुइन नावाची विकरं नेमकं काय करतात?

गेल्या महिन्यात परळला मावशीकडे गेले, तर तिनं चहाच्या कपाशेजारी एक पांढरी बाटली आणून ठेवली. झाकणाचं सील अजून फोडलेलं नव्हतं. पुतण्यानं दुबईहून आणलेली. लेबलवर मोठ्या अक्षरांत तरुण राहण्याचं आश्वासन आणि खाली बारीक अक्षरांत 'एनएमएन' आणि 'सर्टुइन' असे दोन शब्द. मावशी एकाहत्तर वर्षांची आहे. चौदा वर्षांपासून डायबेटिस आहे आणि सात खणांच्या डब्यात आठवड्याच्या गोळ्या ती स्वतः मोजून भरते. ती म्हणाली, "अगं, तुझं एवढं वाचन आहे. आज संकष्टी. ही गोळी उपाशीपोटी घ्यायची की चंद्रोदयानंतर जेवल्यावर? आणि मुळात घ्यायची का?"

हा प्रश्न एकट्या मावशीचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना डायबेटिस आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. इतकी माणसं काळजीत असली की बाटल्या विकणाऱ्यांचं फावतं. सध्या मोबाइल उघडला की 'पेशी तरुण करा', 'सर्टुइन जागृत करा' अशा जाहिराती येतात. त्यातला 'सर्टुइन' हा शब्द खरा आहे. त्यामागचं विज्ञानही खरं आहे आणि अतिशय सुंदर आहे. पण बाटलीवरची गोष्ट आणि प्रयोगशाळेतली गोष्ट यांच्यात फार अंतर पडलंय. म्हणून हे सगळं मुळापासून मांडते.

पेशीच्या दोन पाळ्या

मुंबईकराला हे समजावणं सोपं आहे, कारण आपलं शहर त्याच नियमावर चालतं. दिवसभर लोकल धावतात. रात्री शेवटची गाडी गेली की पहाटे चारच्या सुमारास पहिली लोकल सुटेपर्यंत रूळ मोकळे असतात. त्या दोन-तीन तासांत ट्रॅकमन बाहेर पडतात, ओव्हरहेड वायरचा वीजपुरवठा बंद होतो, टॉवर वॅगन येते, झिजलेले भाग बदलले जातात. तेवढा वेळ पुरत नाही म्हणून रविवारी मेगाब्लॉक असतो. आपण वैतागतो खरे, पण ब्लॉक झालाच नाही तर सोमवारी सकाळी कुठेतरी रूळ तडकलेला सापडतो.

शरीराचंही असंच आहे. जेवण झालं की रक्तात साखर येते, इन्सुलिन वाढतं आणि पेशींना निरोप जातो: माल आलाय, वापरा आणि उरलेला साठवा. यकृत साखरेच्या साखळ्या करून ठेवतं, त्याहून जास्त झालेलं चरबीत जातं. काही तासांनी माल संपतो, इन्सुलिन उतरतं आणि दुसरी पाळी सुरू होते. यकृत साठा फोडू लागतं, मग स्वतः नवी साखर बनवू लागतं, कारण मेंदूला ती अखंड लागते. स्नायू चरबी जाळायला घेतात. याच पाळीत पेशी आपली डागडुजीही काढते.

पाळी बदलली हे पेशीतल्या हजारो प्रथिनांना कळवायचं कुणी? हे काम करणाऱ्यांपैकी एक महत्त्वाचं कुटुंब म्हणजे सर्टुइन.

विकर, आणि त्याच्या हातातला चिमटा

विकर म्हणजे एन्झाइम: पेशीत एखादं ठरावीक रासायनिक काम झटपट करून देणारं प्रथिन. लाळेतलं विकर भातातला पिष्ट पदार्थ फोडतं, म्हणून भात बराच वेळ चावला की गोडसर लागतो. सर्टुइनचं काम वेगळं आहे. ती दुसऱ्या प्रथिनांवर लागलेले चिमटे काढतात.

चाळीच्या गॅलरीत दोरीवर कपड्यांना चिमटे लावतात ना, तसा एक छोटा रासायनिक तुकडा प्रथिनांवर लागत असतो. त्याचं नाव अ‍ॅसिटिल. तो लागला की प्रथिनाचं वागणं बदलतं: कुणी चालू होतं, कुणी बंद पडतं, कुणी जागा सोडून दुसरीकडे जातं. मला यातली सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट ही की हा चिमटा अन्नापासूनच बनतो. साखर आणि चरबी जाळताना मध्ये जो पदार्थ तयार होतो, त्यातूनच अ‍ॅसिटिल येतं. म्हणजे खाणं भरपूर असलं की चिमटेही भरपूर. पेशी आपल्या प्रथिनांच्या अंगावरच 'सध्या सुगी आहे' असं लिहून ठेवते. सर्टुइन येऊन ते लिहिलेलं पुसतात.

डीएनएच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं ठरतं. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो आणि तो डोळ्याला न दिसणाऱ्या केंद्रकात मावतो, कारण तो शिंप्याच्या रिळासारख्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. रिळावर चिमटे असले की गुंडाळी सैल राहते आणि तिथली जनुकं वाचता येतात. चिमटे काढले की ती घट्ट होते आणि जनुकं गप्प बसतात. सर्टुइनचा शोध या 'गप्प बसवण्या'वरूनच लागला.

चिठ्ठी फाडल्याशिवाय काम नाही

रेल्वेत ब्लॉकची परवानगी हातात आल्याशिवाय कुणी रुळावर उतरत नाही. सर्टुइनचंही तेच. त्यांना प्रत्येक चिमटा काढताना एक चिठ्ठी खर्च करावी लागते. त्या चिठ्ठीचं नाव एनएडी.

एनएडी हा प्रत्येक जिवंत पेशीत असणारा रेणू. १९०६ साली आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी यीस्टच्या रसावर प्रयोग करताना त्याचा पहिला सुगावा लावला. त्याचं जुनं, ओळखीचं काम म्हणजे अन्न जाळताना ऊर्जेची ने-आण करणं. अन्नाचा लोंढा असला की बराचसा एनएडी भरलेल्या टोपल्यांसारखा अडकून पडतो. लोंढा ओसरला की रिकाम्या टोपल्या वाढतात. सर्टुइनला चालतो तो हा रिकामा, मोकळा एनएडी. उपाशी उंदरांच्या यकृतात तो वाढलेला दिसतो. म्हणजे पेशीत अन्नाची स्थिती काय आहे, हे सर्टुइनना वेगळं सांगावं लागत नाही. हातात किती चिठ्ठ्या आहेत यावरूनच ते कळतं. २००० साली अमेरिकेतल्या एमआयटीत लिओनार्ड ग्वारेन्टे आणि शिन-इचिरो इमाई यांच्या गटानं हा दुवा दाखवून दिला. त्या दिवसापासून म्हातारपण आणि चयापचय या दोन विषयांची गाठ बांधली गेली. चयापचय म्हणजे अन्न मोडून ऊर्जा आणि शरीर घडवण्याचा सगळा कारभार.

एनएडी बनतो कशापासून? मुख्यतः ब-३ जीवनसत्त्वापासून, म्हणजे नायसिनपासून, आणि थोडा ट्रिप्टोफॅन या प्रथिनातल्या घटकापासून. हे जीवनसत्त्व अजिबात मिळालं नाही तर काय होतं, हे आपल्या दख्खननं पाहिलंय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या आसपास ज्वारीवरच दिवस काढणाऱ्या गरीब माणसांतल्या पेलाग्रा या रोगाचा अभ्यास केला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे, खरखरीत चट्टे, जुलाब आणि नंतर मनाचा तोल जाणं, अशी त्याची लक्षणं. यात भाकरीला दोष नाही. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध, मासळी असं काहीच पानात नव्हतं, हे खरं दुःख होतं. आज मुंबईत ज्याच्या ताटात मूठभर शेंगदाण्याची चटणी किंवा बांगड्याचा तुकडा आहे, त्याला या जीवनसत्त्वाची ददात पडत नाही.

वयाबरोबर मात्र बऱ्याच ऊतींमधला एनएडी कमी होत जातो. एक कारण असं की या चिठ्ठ्यांवर सर्टुइनची एकट्याची मालकी नाही. तुटलेला डीएनए जोडणारी विकरंही त्याच चिठ्ठ्या फाडतात. वय वाढतं तसा शरीरात बारीक दाह धुमसत राहतो आणि त्या दाहातल्या पेशींवरचं सीडी-३८ नावाचं विकर चिठ्ठ्यांची नुसती उधळण करतं. बाटली विकणाऱ्याचा सगळा युक्तिवाद इथे उभा आहे: चिठ्ठ्या कमी पडतात, मग बाहेरून त्यांचा कच्चा माल, म्हणजे एनएमएन, द्या. हे ऐकायला पटतं. पुढे बघू.

सात भावंडं, पण तीनच नीट ओळखू

माणसात सात सर्टुइन आहेत, सर्ट-१ ते सर्ट-७. एक, सहा आणि सात प्रामुख्यानं केंद्रकात असतात. दोन बाहेरच्या द्रवात. तीन, चार आणि पाच मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या भट्टीत.

सर्ट-१ हा थोरला, सर्वांत जास्त अभ्यासलेला. उपाशी असताना यकृतात तो नवी साखर बनवणाऱ्या यंत्रणेला हात देतो, स्नायूंत चरबी जाळायला मदत करतो, चरबीच्या पेशींना साठा सोडायला लावतो आणि दाह दाबतो. ज्या उंदरांच्या यकृतातून सर्ट-१ काढून टाकला, त्यांना तुपकट खाणं दिल्यावर यकृतात चरबी लवकर साचली. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर' वाचून घरी आलेली कितीतरी माणसं आपल्या ओळखीत असतात. त्या दोन शब्दांमागच्या अनेक धाग्यांपैकी हा एक.

सर्ट-३ भट्टीचा राखणदार. चरबी जाळणाऱ्या विकरांवरचे चिमटे काढून तो त्यांना कामाला लावतो, आणि जळताना उडणाऱ्या ठिणग्या विझवणाऱ्या विकरालाही. तो नसलेले उंदीर चरबीयुक्त आहारावर लवकर लठ्ठ होतात, त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची अवस्था लवकर येते.

सर्ट-६ माझ्या मते सगळ्यांत लक्षवेधी. तो डीएनएची दुरुस्ती करतो आणि साखर जाळण्याच्या वेगावर लगाम ठेवतो. तो जन्मतः नसलेले उंदीर जेमतेम महिनाभर जगतात. त्यांच्या पेशी रक्तातली साखर अधाशासारखी ओढून घेतात आणि रक्तात ती उरतच नाही. उलट, इस्रायलमधल्या हाइम कोहेन यांच्या गटानं २०१२ साली दाखवलं की सर्ट-६ जास्त असलेले नर उंदीर अधिक जगतात. फक्त नर. माद्यांमध्ये तसा फरक दिसला नाही.

राहिलेले चार: सर्ट-४ इन्सुलिनच्या स्रावाला आवर घालतो, सर्ट-५ प्रथिनांतून निघणारा विषारी अमोनिया मार्गी लावायला मदत करतो, सर्ट-२ पेशीच्या सांगाड्याशी आणि सर्ट-७ प्रथिनं बनवणाऱ्या कारखान्याशी जोडलेला आहे. आपल्या विषयाला एवढं पुरे.

पावाच्या यीस्टनं सुरू झालेली गोष्ट

इराण्याकडच्या ब्रून मस्क्याचा पाव ज्या यीस्टनं फुगतो, त्याच यीस्टमध्ये सर्टुइन पहिल्यांदा सापडलं. १९७९ साली मूळचे भारतीय असलेले जनुकशास्त्रज्ञ अमर क्लार यांनी सहकाऱ्यांबरोबर एक जनुक ओळखलं. पुढे त्याचं नाव 'सर-२' रुळलं. त्या वेळी ते फक्त काही जनुकांना गप्प बसवणारं जनुक होतं, आयुष्याशी त्याचा संबंध कुणी जोडला नव्हता.

यीस्टचं आयुष्य कसं मोजतात ते ऐकण्यासारखं आहे. एका आई-पेशीला कळी फुटते, कळी मोठी होऊन लेक म्हणून वेगळी होते. संशोधक सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईनं लेकीला बाजूला सारतो आणि आईच्या नावापुढे एक रेघ ओढतो. आई थांबेपर्यंत वीस-पंचवीस रेघा. दिवसेंदिवस डोळा लावून बसायचं. १९९९ साली मॅट केबरलीन, मिच मॅकव्हे आणि ग्वारेन्टे यांनी असं मोजून सांगितलं की सर-२ ची एक प्रत जास्त दिली तर रेघा सुमारे ३० टक्क्यांनी वाढतात. नंतर जंतांत आणि फळमाशांतही आयुष्य वाढल्याचे निकाल आले. वर्तमानपत्रांनी 'दीर्घायुष्याचं जनुक' म्हणून मथळे दिले.

२००३ मध्ये द्राक्षाच्या सालीतला रेस्व्हेराट्रॉल हा पदार्थ सर्ट-१ ला चालना देतो, असा निष्कर्ष डेव्हिड सिंक्लेअर यांच्या गटानं काढला. रेड वाइनची बाजू घेणाऱ्यांना आनंद झाला. २००८ साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीनं त्यावर काम करणारी सर्ट्रिस ही छोटी कंपनी ७२ कोटी डॉलरला विकत घेतली.

मग तपासणी सुरू झाली, आणि विज्ञानाचा मला सगळ्यात आदर वाटतो तो या टप्प्यावर. रेस्व्हेराट्रॉलच्या मूळ चाचणीत प्रथिनाच्या तुकड्याला चमकणारी खूण जोडली होती. ती खूण काढली की परिणाम जवळपास नाहीसा होतो, असं इतरांना आढळलं. तागडीत भाजीबरोबर पिशवीचंही वजन धरलं जावं तसं. पुढे काही विशिष्ट प्रथिनांवर खूण नसतानाही चालना मिळते असंही दिसलं, त्यामुळे वाद पूर्ण मिटला नाही. पण पहिला सरसकट दावा टिकला नाही. २०११ साली लंडनच्या डेव्हिड जेम्स यांच्या गटानं जंत आणि फळमाशांचे प्रयोग पुन्हा केले. तुलनेतले प्राणी जनुकीयदृष्ट्या अगदी सारखे ठेवले, तेव्हा आयुष्यवाढ दिसेनाशी झाली. कंपनीनं २०१३ मध्ये सर्ट्रिसचं केंद्र बंद केलं.

नाशिकच्या वाइनबद्दल विचारणारे असतातच, म्हणून हिशेब सांगून टाकते. २००६ च्या गाजलेल्या प्रयोगात उंदरांना दर किलो वजनामागे रोज २२ मिलिग्रॅम रेस्व्हेराट्रॉल दिलं होतं. रेड वाइनच्या लिटरमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. उंदराचा डोस माणसासाठी शास्त्रीय रीतीनं कितीही कमी करून घेतला, तरी रोज डझनांनी बाटल्या लागतील. शिवाय जास्त जगले ते चरबीयुक्त आहारावरचे लठ्ठ उंदीर. साधं खाणाऱ्या उंदरांचं आयुष्य त्यानं वाढलं नाही.

मग बटण कायम दाबून ठेवलं तर?

इथे आपल्या मुंबईचा भाग येतो, आणि हाच मला सर्वांत मोलाचा वाटतो. कुलाब्याला नेव्ही नगरमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, आपण टीआयएफआर म्हणतो ती. तिथल्या उल्लास कोल्थुर-सीताराम यांच्या प्रयोगशाळेनं २०२० मध्ये उंदरांच्या यकृतातला सर्ट-१ उपाशीपोटी आणि जेवल्यानंतर कसा वागतो, याचा माग काढला.

त्यांना असं दिसलं की जेवल्यावर साखरेपासून बनलेला एक तुकडा थेट सर्ट-१ वर जाऊन बसतो. त्यानं सर्ट-१ चे साथीदार बदलतात. साखरेची आवक चालू राहिली तर त्याला केंद्रकाबाहेर काढलं जातं आणि शेवटी मोडीत टाकलं जातं. ब्लॉक संपल्याची शिट्टी झाली की ट्रॅकमननी रुळावरून बाजूला व्हायचं असतं, तसं.

मग त्यांनी शिट्टीच ऐकू न येणारा सर्ट-१ बनवला. साखरेचा तुकडा त्यावर बसूच शकत नाही, म्हणजे तो जेवल्यानंतरही कामावर. जाहिरातीच्या तर्कानं असे उंदीर ठणठणीत असायला हवेत. झालं उलट. त्यांचं यकृत जेवल्यानंतरही साखर बनवत राहिलं, रक्तातली साखर चढली, शरीर इन्सुलिनला दाद देईना आणि यकृतात दाह सुरू झाला. दुसऱ्या टोकाला, म्हाताऱ्या आणि लठ्ठ उंदरांत सर्ट-१ वर साखरेचे तुकडे गरजेपेक्षा जास्त बसलेले आढळले. म्हणजे तिथे ब्लॉक मिळतच नव्हता.

रोग दोन्ही बाजूंना आहे. रूळ सतत वाहते राहिले तरी आणि ब्लॉक उठलाच नाही तरी. यकृताला लागतं ते पाळी बदलण्याचं चापल्य. 'सर्टुइन जागृत करा' या तीन शब्दांत हे चापल्य कुठेच नाही, आणि मला खुपतं ते तेच.

कर्करोगातही असाच दुटप्पीपणा दिसतो. बिघडलेल्या पेशीला आत्महत्या करायला लावणारं पी-५३ नावाचं पहारेकरी प्रथिन आहे. सर्ट-१ त्यावरचा चिमटा काढून त्याला सौम्य करतो. निरोगी पेशीला त्यामुळे ताणात तग धरता येतो, पण गाठीतल्या पेशीलाही तोच जीवदान देऊ शकतो. सर्ट-६ मात्र साखरेवर वाढणाऱ्या गाठींना लगाम घालतो असं उंदरांत दिसलं आहे. पार्किन्सनच्या प्रयोगांत तर सर्ट-२ ला अडवल्यावर चेतापेशी वाचल्या. सात भावंडांना एकाच गोळीनं 'उठा' म्हणणं कसं चालेल?

पण माणसांवर प्रयोग झालेत ना?

झालेत, आणि ते टाकाऊ नाहीत. २०२१ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये पाळी थांबलेल्या, वजन जास्त असलेल्या आणि डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या २५ स्त्रियांवर चाचणी झाली. काहींना रोज २५० मिलिग्रॅम एनएमएन, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी, असं १० आठवडे. एनएमएन घेतलेल्यांचे स्नायू इन्सुलिनला आधीपेक्षा चांगली दाद देऊ लागले. वजन, उपाशीपोटीची साखर, यकृतातली चरबी, रक्तदाब यांत मात्र फरक पडला नाही. एनएमएनच्याच जवळच्या, एनआर नावाच्या पदार्थाची २०१८ मध्ये ४० लठ्ठ पुरुषांवर चाचणी झाली, रोज २ ग्रॅम, १२ आठवडे. त्यांच्या इन्सुलिनच्या प्रतिसादात सुधारणा दिसली नाही.

पंचवीस माणसं आणि दहा आठवडे यांवरून चौदा वर्षं डायबेटिस असलेल्या, चार औषधं घेणाऱ्या बाईला काही सांगता येत नाही. ती त्या चाचणीत नव्हतीच.

"जीवनसत्त्वच तर आहे, जास्त घेतलं तर काय बिघडतं?" हेही ऐकते. नायसिनचा मोठा डोस चेहरा लालबुंद करतो, यकृताला त्रास देऊ शकतो आणि रक्तातली साखर वाढवू शकतो. डायबेटिसच्या माणसाला तर ते अजिबात परवडणारं नाही. ब-३ चं दुसरं रूप, निकोटिनामाइड, हे सर्टुइननं चिठ्ठी फाडल्यावर उरणारा तुकडाच आहे, आणि तो फार साचला तर सर्टुइनचा हात अडवतो. पेशी त्याचा पुनर्वापर करून नवी चिठ्ठी बनवते. हा पुनर्वापर करणारं विकर व्यायामानं वाढतं, हे माणसांच्या स्नायूंतून घेतलेल्या तुकड्यांत दिसलं आहे, आणि पंचावन्नच्या पुढच्या वयातही.

मग उपास तर चांगलाच की!

इथे मावशीचा चेहरा खुलला होता, कारण ती गेली चाळीस वर्षं संकष्टी करते. पण 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच भाषेत आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट पदार्थ. सकाळी खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, चार वाजता राजगिऱ्याचा लाडू आणि मधे दोन वेळा साखरेचा चहा, असा दिवस असला तर यकृताला ब्लॉक मिळालेलाच नसतो. देवाला तो उपास पोचत असेल, त्याबद्दल मी बोलणार नाही. यकृतापर्यंत मात्र पोचत नाही.

खरोखर कमी खाल्ल्याचा फायदा माणसांत मोजलेला आहे. अमेरिकेत 'कॅलरी' नावाच्या अभ्यासात लठ्ठ नसलेल्या दोनशेहून अधिक लोकांपैकी एका गटानं दोन वर्षं आहार सरासरी १२ टक्क्यांनी कमी केला. त्यांचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला. हाडांची घनता मात्र थोडी घटली. यात सर्टुइनचा वाटा किती आणि इतर यंत्रणांचा किती, हे वेगळं काढलेलं नाही.

आणि डायबेटिसची औषधं चालू असताना उपास करण्यातला धोका मी त्याच संध्याकाळी डोळ्यांनी पाहिला. मावशीनं त्या दिवशी खिचडीसुद्धा खाल्ली नव्हती, फक्त दूध घेतलं होतं. सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेहमीप्रमाणे. पाचच्या सुमारास बोलता बोलता तिचं वाक्य अर्धवट राहिलं. कपाळावर घाम आला, कप बशीवर खडखडायला लागला. ग्लुकोमीटरवर आकडा आला ६१. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली आणि घड्याळाकडे बघत बसले. पंधरा मिनिटांनी ९४.

काय झालं होतं ते वरच्या सगळ्या गोष्टीतून कळतं. ती गोळी स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन बाहेर काढते, पोटात अन्न असो वा नसो. इन्सुलिन म्हणजे 'गाड्या चालू आहेत' हा निरोप. रुळावर एकही गाडी नाही आणि सिग्नल मात्र हिरवा. त्यामुळे यकृताची रात्रपाळी, साखर बनवून रक्तात सोडणारी, कामावर उतरूच शकली नाही. सर्ट-१ असो की आणखी कुणी, त्या खोट्या सिग्नलपुढे कुणाचं फारसं चालत नाही.

दुसऱ्या दिवशी ती बाटली आणि गोळ्यांचा डबा घेऊन आम्ही तिच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाटली उलटसुलट करून पाहिली आणि बाजूला ठेवली. डब्याकडे मात्र बराच वेळ पाहिलं. उपासाच्या दिवसासाठी गोळीची मात्रा वेगळी लिहून दिली, दुपारी साखर तपासायला सांगितली, आणि आकडा ७० च्या खाली गेला तर चंद्राची वाट न बघता उपास तिथेच सोडायचा, असं बजावलं. मावशीनं तेही लिहून घेतलं.

बाटली आता फ्रीजवर आहे, सील तसंच. रविवारी डबा भरायला बसली की मावशी आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघते, चतुर्थी कोणत्या वारी येतेय ते शोधते आणि त्या खणात गोळी वेगळी टाकते.